बहुपर्यायी इतिहास : उरलेल्या तीन पर्यायांचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी येणारे प्रश्नोत्तरांचे सदर मी नियमित वाचते. आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या अभ्यासिकेत ते रोज कापून फलकावर लावले जाते आणि सकाळी नऊच्या आत त्याभोवती मुलामुलींचा घोळका जमलेला असतो. मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी मी त्याच अभ्यासिकेत बसते आणि राज्यसेवा, संयुक्त पूर्व, तलाठी, पोलीस भरती अशा परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या इतिहासातील शंका त्यांच्यासोबत सोडवते. या अनुभवावरून आपल्याला त्या सदराविषयी एक विनंती करायची आहे. मात्र तिचे कारण आधी सविस्तर मांडल्याशिवाय ती आपल्याला पटणार नाही, म्हणून पत्र थोडे लांबले आहे.

बहुपर्यायी प्रश्न म्हटले की मुलांच्या हाती पहिल्यांदा काय येते, तर युक्त्या. गेल्या वर्षी एका मुलाने मला वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेली यादी दाखवली : शंका आली तर तिसरा पर्याय निवडावा, सर्वांत लांब पर्याय बहुधा बरोबर असतो, ‘वरील सर्व’ असेल तर तेच उत्तर धरावे, आणि ज्या विधानात ‘फक्त’, ‘केवळ’, ‘सर्वच’, ‘कधीही’ असे शब्द असतील ते विधान डोळे मिटून चूक समजावे. एका क्लासमध्ये त्याने त्यासाठी पैसे मोजले होते. मी त्याला कागदावर एक विधान लिहून दिले, ‘महात्मा गांधींनी राष्ट्रीय सभेच्या केवळ एकाच वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले’. त्याने ‘केवळ’ या शब्दावर पेन्सिलीने गोल केला आणि क्षणाचाही विलंब न लावता विधान चूक ठरवले. वस्तुतः ते बरोबर आहे. ते अधिवेशन १९२४ साली बेळगावला झाले. गांधीजींचा प्रभाव एवढा मोठा असताना ते एकदाच अध्यक्ष कसे झाले असतील, असा विचार करून मुलाची चूक झाली असती, तर ती मला समजण्यासारखी होती, कारण तो निदान इतिहासाचा विचार ठरला असता. इथे मात्र त्याने विधान वाचलेच नव्हते. त्यातला एक शब्द शोधला होता.

वाचन हीच पहिली अडचण आहे, आणि ती हुशार मुलांचीही आहे. आपल्या मराठीत ‘चूक’ आणि ‘अचूक’ या दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर आहे. ‘अचूक पर्याय निवडा’ हे घाईत ‘चूक पर्याय निवडा’ असे वाचले जाते, आणि ‘खालीलपैकी कोणते विधान योग्य नाही’ यातला शेवटचा ‘नाही’ तर कित्येकांच्या नजरेतून सुटतो, कारण पहिले विधान ओळखीचे आणि बरोबर दिसताच हात उत्तरपत्रिकेकडे वळतो. अभ्यासिकेतील एका मुलीच्या सराव परीक्षेच्या सात प्रश्नपत्रिका आम्ही दोघींनी एका रविवारी शेजारी शेजारी मांडल्या आणि इतिहासातील तिची प्रत्येक चूक तपासली. तिची समजूत होती की तिचा आधुनिक महाराष्ट्र कच्चा आहे. प्रत्यक्षात एकूण २६ चुकांपैकी ११ ठिकाणी तिला उत्तर येत होते. तिने प्रश्न उलटा वाचला होता. तेव्हापासून ती प्रश्नातले नकारार्थी पद आधी अधोरेखित करते आणि प्रत्येक विधानापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण केल्यावरच पर्यायांकडे पाहते. एवढ्या एका सवयीने तिच्या गुणांत जो फरक पडला तो चार महिन्यांच्या पाठांतराने पडला नसता, असे माझे ठाम मत आहे.

आता मुख्य मुद्दा. प्रश्नपत्रिका काढणारा माणूस चुकीचे पर्याय हवेतून आणत नाही. बरोबर उत्तर तर ठरलेलेच असते. प्रश्नकर्त्याचे खरे कसब उरलेल्या तीन पर्यायांत असते. ते तीन पर्याय तो अशा ठिकाणाहून उचलतो, जिथे अर्धवट वाचलेल्या माणसाची गफलत होणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. सुरतच्या १९०७ च्या अधिवेशनाचे अध्यक्ष रासबिहारी घोष होते; पर्यायांत रासबिहारी बोस हमखास भेटतात. परमहंस सभेशी दादोबा पांडुरंगांचे नाव जोडलेले आहे आणि १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाशी आत्माराम पांडुरंगांचे. हे दोघे सख्खे भाऊ, आडनाव तर्खडकर. पण पुस्तकांत दोघांच्याही नावापुढे वडिलांचे नाव छापलेले असल्यामुळे मुलांच्या मनात ते एकच गृहस्थ होऊन बसतात. ‘केसरी’चे संस्थापक म्हणून टिळकांचे नाव पाठ असलेला मुलगा ‘केसरीचे पहिले संपादक कोण’ या प्रश्नालाही टिळकच लिहितो, कारण संस्थापक आणि संपादक हा भेद त्याने कधी मनाशी केलेलाच नसतो. पहिले संपादक आगरकर होते, आणि हे माहीत असेल तर पुढे १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ का काढला ही गोष्टही आपोआप उलगडू लागते. पुरंदरचे तहही दोन आहेत. १६६५ चा तह शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंह यांच्यात झाला, तर १७७६ चा पेशव्यांचे कारभारी आणि इंग्रज यांच्यात.

हंटर या नावाने तर मी अनेक चांगल्या उमेदवारांना फसलेले पाहिले आहे. १८८२ चा हंटर आयोग शिक्षणाची पाहणी करण्यासाठी नेमला होता आणि त्याच्यापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाविषयी आपले निवेदन सादर केले. १९१९ ची हंटर समिती जालियनवाला बागेच्या हत्याकांडाची व पंजाबातील अशांततेची चौकशी करण्यासाठी होती, आणि ते हंटर वेगळे. जोड्या लावण्याच्या प्रश्नात ‘हंटर’ समोर आला की मुले गोंधळतात. त्यावर मी त्यांना नवे सूत्र देत नाही. फक्त विचारते की, फुले वारले कधी? १८९०. मग १९१९ च्या हंटरपुढे ते कसे उभे राहतील? एवढे विचारले की दोन हंटर कायमचे वेगळे होतात.

यावरून मला एक गोष्ट सुचली, आणि ती मी आता प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. आपल्याकडे जयंत्या मोठ्या उत्साहाने साजऱ्या होतात, त्यामुळे जन्मवर्षे मुलांना पाठ असतात. परीक्षेत पर्याय काढून टाकण्यासाठी मात्र मृत्यूचे वर्ष कितीतरी अधिक कामाला येते. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये वारले हे ठाऊक असेल, तर १९०५ च्या भारत सेवक समाजाच्या संस्थापकांत त्यांचे नाव बसत नाही. गोखले आणि फिरोजशहा मेहता दोघेही १९१५ मध्ये गेले. तेव्हा १९१६ च्या होमरूल चळवळीत किंवा त्याच वर्षाच्या लखनौ करारात त्यांची नावे दिसली, तर तो पर्याय तिथेच गळतो. टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले, त्यामुळे त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या नागपूर अधिवेशनात त्यांनी ठराव मांडला असे म्हणणारे विधान खरे असू शकत नाही. राजर्षी शाहू महाराज मार्च १९२० च्या माणगाव परिषदेला होते. पण ते मे १९२२ मध्ये गेले, म्हणून १९२७ च्या महाड सत्याग्रहाशी त्यांची उपस्थिती जोडणारा पर्याय टिकत नाही. पंधरा-वीस व्यक्तींची मृत्यूवर्षे एका पानावर मावतात. ते पान मी मुलांकडून स्वतःच्या हाताने लिहून घेते, कारण छापील पान कोणी वाचत नाही.

कालानुक्रम लावण्याच्या प्रश्नाची मुलांना सर्वांत जास्त धास्ती असते, आणि तिथेच ती सनांच्या पाठांतरात बुडतात. सुरत, पुरंदर, वडगाव आणि सालबाई हे चार तह क्रमाने लावा, असा प्रश्न घ्या. १७७५, १७७६, १७७९, १७८२ हे आकडे परीक्षेच्या खोलीत एकमेकांत मिसळतात. गोष्ट मात्र मिसळत नाही. नारायणराव पेशव्यांचा खून झाला, बारभाईंनी रघुनाथरावांना दूर सारले, म्हणून ते मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि सुरतेला तह झाला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला तो परस्पर केलेला करार मान्य नव्हता, म्हणून त्यांनी आपला वकील कर्नल अप्टन यास पुण्याकडे धाडले आणि पुरंदरचा तह झाला. मुंबईकरांना तो रुचला नाही. रघुनाथरावांना घेऊन त्यांचे सैन्य घाट चढून आले, तळेगावच्या बाजूला कोंडले गेले आणि वडगावला त्यांना नमते घ्यावे लागले. तो अपमान कलकत्त्याने मानला नाही, लढाई पुन्हा पेटली, आणि अखेर महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईला मिटली. यात एकही सन नाही, तरीही क्रम चुकणे अशक्य आहे. शिवाय पर्यायांची मांडणी अशी असते की सुरत पहिला आणि सालबाई शेवटचा एवढे निश्चित असले, तरी बहुधा दोनच पर्याय उरतात. पुढे १८०२ चा वसईचा तह, १८०३ मधील देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव, १८०५ चा राजघाट, ही साखळीही अशीच सांगता येते : बाजीराव इंग्रजांना शरण गेला, ते शिंदे-भोसल्यांना सहन झाले नाही, ते हरले, आणि उशिरा उतरलेले होळकर शेवटी तहाला आले. सनावळीला माझा विरोध नाही. पण ती गोष्टीवर टांगलेली असावी.

विधान आणि कारण या प्रकारातही हेच दिसते. ‘विधान : राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्याऐवजी मुंबईत भरले. कारण : मुंबई ही मुंबई प्रांताची राजधानी होती.’ दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि म्हणूनच मुले ‘दोन्ही बरोबर, आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण’ हा पर्याय रंगवून मोकळी होतात. खरे कारण पुण्यात पसरलेली पटकीची साथ हे होते. त्यामुळे डिसेंबर १८८५ मध्ये अधिवेशन ऐन वेळी मुंबईला, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. मी मुलांना दोन्ही वाक्ये मध्ये ‘कारण की’ घालून हळू आवाजात वाचायला लावते. मुंबई राजधानी होती हे पुण्याला आधी निवडले तेव्हाही खरे होतेच, मग निर्णय बदलला तो कशाने, हा प्रश्न मोठ्याने वाचताना आपोआप मनात येतो.

नकारात्मक गुणदानाविषयी मुलांच्या मनात अकारण भीती आणि अकारण धाडस असे दोन्ही असते, म्हणून हिशेब स्पष्ट मांडते. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत एका चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. एका गुणाचे २० प्रश्न काहीही न वाचता रंगवले, तर सरासरीने ५ बरोबर येतील, १५ चुकांचे पावणेचार गुण जातील आणि हाती सव्वा गुण उरेल. तोही सरासरीने, एखाद्याच्या वाट्याला उणे येईल. तेच २० प्रश्न प्रत्येकी दोन पर्याय खात्रीने काढून मग सोडवले, तर १० बरोबर, १० चूक, अडीच गुण वजा आणि साडेसात गुण हाती, असा हिशेब येतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे एक तृतीयांश गुण कापले जात असल्याने तिथे निव्वळ अंदाजाची कमाई सरासरीने शून्य आहे. तेव्हा ‘प्रश्न सोडावा की ठोकावा’ हा वाद मुळात निरर्थक आहे. दोन पर्याय कारण देऊन काढता आले तर उत्तर जरूर द्यावे, एकही काढता आला नाही तर पुढे जावे. ‘कारण देऊन’ या शब्दांवर माझा भर आहे. नाव अनोळखी वाटले म्हणून काढलेला पर्याय हा काढलेला पर्याय नव्हे.

आणि आयोगांनाही हे सारे कळते. २०२३ च्या केंद्रीय पूर्वपरीक्षेत अनेक प्रश्नांना ‘केवळ एक’, ‘केवळ दोन’, ‘तिन्ही’, ‘एकही नाही’ असे पर्याय दिलेले होते. म्हणजे किती विधाने बरोबर एवढेच विचारायचे. अशा प्रश्नात एक विधान निश्चित ठाऊक असूनही उत्तरापर्यंत पोहोचता येत नाही, प्रत्येक विधानाचा वेगळा निवाडा करावाच लागतो. पर्यायांची जुळवाजुळव करून उत्तर काढण्यावर ज्यांची सगळी भिस्त होती, त्यांची त्या वर्षी फार पंचाईत झाली.

वेळेबद्दल थोडक्यात लिहिते. संयुक्त पूर्व परीक्षेत १०० प्रश्नांना एक तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात. चार जोड्यांचा प्रश्न एवढ्या वेळात होत नाही; तो एका ओळीच्या प्रश्नात वाचवलेल्या वेळेवर करावा लागतो, म्हणून सरळ प्रश्न पहिल्या फेरीत आणि लांबलचक दुसऱ्या फेरीत, हा क्रम मुलांनी घरीच अंगवळणी पाडलेला असावा. गोल रंगवण्याचे काम शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवू नये. मधला एक प्रश्न सोडल्यावर पुढचे सगळे गोल एका घराने सरकलेले मी पाहिले आहेत, आणि त्या मुलाचे परीक्षागृहातून बाहेर आल्यावरचे तोंडही पाहिले आहे. प्रश्नपत्रिकेचे एक पान संपले की त्या पानापुरते गोल रंगवून क्रमांक जुळवावा.

आता विनंती. आपल्या सदरात रोज दहा प्रश्न असतात आणि खाली बारीक अक्षरात १-ब, २-क, ३-अ अशी उत्तरे असतात. फलकाभोवती जमलेली मुले ती पाहतात, आपले किती जुळले ते मोजतात आणि निघून जातात. ज्याचे सहा जुळले तो समाधानी असतो, ज्याचे तीन जुळले तो खट्टू होतो, आणि दोघांनाही उरलेल्या तीन-तीन पर्यायांविषयी काहीच कळलेले नसते. जुळलेल्या सहांपैकी किती माहितीने जुळले आणि किती नशिबाने, हे तर त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, दहाऐवजी तीनच प्रश्न छापावेत. मात्र प्रत्येक प्रश्नाखाली बरोबर पर्याय का बरोबर हे एका वाक्यात, आणि चुकीचा प्रत्येक पर्याय का चूक व तो कोणत्या प्रश्नाचे बरोबर उत्तर ठरला असता हेही एकेका वाक्यात द्यावे. सुरत अधिवेशनाच्या प्रश्नात रासबिहारी बोस हा पर्याय असेल, तर खाली लिहावे : ‘हे क्रांतिकारक होते; १९१२ मध्ये दिल्लीत लॉर्ड हार्डिंग यांच्यावर झालेल्या बॉम्बहल्ल्याच्या कटाशी त्यांचे नाव जोडले जाते आणि पुढे ते जपानला गेले.’ या एका ओळीत वाचणाऱ्याच्या हाती दुसरा प्रश्न आणि त्याचे उत्तर पडते. अशा रीतीने एका प्रश्नातून चार गोष्टी शिकून होतात, आणि तीन प्रश्नांतून बारा.

त्यासोबत उत्तर कोणत्या पुस्तकाच्या आधारे दिले तेही छापावे, अशी जोड मी या विनंतीला देते. इतिहासात जुनी आणि नवी पुस्तके सर्वत्र एकमत नसतात. शिवाजी महाराजांच्या जन्माचे वर्ष जुन्या अनेक पुस्तकांत १६२७ आढळते, तर राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारलेली आहे. आयोगसुद्धा पहिल्या उत्तरतालिकेवर उमेदवारांकडून हरकती मागवतो आणि त्यानंतरच अंतिम तालिका प्रसिद्ध करतो. हरकत घेताना पुस्तकाचा पुरावा लागतो, आणि खेड्यातल्या मुलांना नेमका तिथेच हात आखडता घ्यावा लागतो, कारण कोणते पुस्तक प्रमाण मानावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. राज्य मंडळाची शालेय पुस्तके अजूनही सर्वांत सोयीचा आणि स्वस्त आधार आहेत. सदरात त्यांचा इयत्तेसह उल्लेख झाला, तर मुले पुन्हा त्या पुस्तकांकडे वळतील.

या कामाला मनुष्यबळ लागेल याची मला कल्पना आहे. आमच्या अभ्यासिकेतील पाच मुलींनी गेल्या काही वर्षांच्या संयुक्त पूर्व परीक्षेतील इतिहासाच्या प्रश्नांवर अशाच पद्धतीची टिपणे तयार केली आहेत. त्यांतील ३० प्रश्नांची टिपणे मी शब्दन् शब्द तपासून या पत्रासोबत पाठवत आहे. त्यांचा मोबदला नको आहे. आपल्या सदरासाठी ती उपयोगी पडली, तर पुढची ३० महिनाअखेरीस पोहोचती करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
जि. सातारा